नको

मागच्या महिन्यात आमच्या घरात एका लग्नपत्रिकेवरून वाद झाला. वाद म्हणजे भांडण नव्हे, तासभर चाललेली बोलाचाली. चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिकेत खाली आप्तेष्टांची जी लांबलचक यादी असते, तिच्यात आत्याचं नाव काय लिहायचं एवढाच प्रश्न होता. थोरले दादा म्हणाले, "नकुबाई लिहा. सगळा गाव त्याच नावानं ओळखतो." मी म्हणाले, "मुळीच नाही." मग नेहमीप्रमाणे 'शहरात राहून तुला फार कळायला लागलं' इथपर्यंत गाडी गेली. असो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची पाठची, चुकले, वडील तिच्या पाठचे. आजीला आधी तीन मुली झाल्या होत्या. चौथीही मुलगीच झाली. बारशाला तिचं नाव ठेवलं नकुशी. नकोशीचं बोलीतलं रूप. कुठे नकुसा म्हणतात, कुठे नकुशा. असं नाव ठेवलं की देवाला निरोप पोचतो, आणि पुढचं मूल मुलगा होतो, अशी समजूत. दोन वर्षांनी माझे वडील जन्मले. त्यामुळे आमच्या घरात ही गोष्ट दुःखाची म्हणून कधी सांगितलीच गेली नाही. ती यशाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. "नकुशी ठेवलं म्हणून तुझा बाप झाला," हे वाक्य मी लहानपणापासून किमान शंभर वेळा ऐकलंय, आणि लहान असताना हसलेही आहे.

त्या संध्याकाळपासून 'नको' हा शब्द डोक्यातून जाईना. इतका रोजचा शब्द की त्याच्याकडे आपण कधी नीट बघतच नाही. म्हटलं, आता बघूया.

तर पहिली गोष्ट. 'नको' मधला 'न' फार जुना आहे. संस्कृतातला 'न', फारसीतला 'ना', लॅटिनमधला आणि इंग्रजीतलाही नकार, सगळे एकाच कुळातले. त्यात मराठीचं विशेष काही नाही. विशेष आहे ते मराठीनं त्या 'न' चं पुढे काय केलं यात. संस्कृतात 'करू नकोस' म्हणायला वेगळा शब्द होता, 'मा'. हिंदीत 'मत' आहे. आणि 'मला चहा नको' म्हणायचं असेल तर हिंदीत 'नहीं चाहिए' असं दोन शब्दांत म्हणावं लागतं. म्हणजे एखादी वस्तू नाकारणं वेगळं आणि एखाद्याला कृतीपासून थांबवणं वेगळं. मराठीत मात्र दोन्हीला एकच शब्द पुरतो. चहा नको. जाऊ नको.

गंमत अशी, की हे आपल्या उत्तरेकडच्या भाषाबहिणींपेक्षा दक्षिणेकडच्या शेजारणींशी जास्त जुळतं. कन्नडमध्ये 'बेकु' म्हणजे हवं आणि 'बेडा' म्हणजे नको. तेलुगूत 'कावाली' आणि 'वद्दु'. तिथेही तो एकच शब्द वस्तूही नाकारतो आणि 'करू नको' असंही सांगतो. शेकडो वर्षं सीमेला सीमा लावून राहिल्यावर भाषा एकमेकींच्या घरात डोकावतात, एकमेकींची भांडी वापरतात. आपलं हवं-नको हे त्याच शेजारधर्मातलं दिसतं.

दुसरी गोष्ट. हा शब्द वाटतो तितका साधा नाही. तो माणसाप्रमाणे बदलतो. लेकराला 'जाऊ नको', जवळच्या मैत्रिणीला 'जाऊ नकोस', सासऱ्यांना 'जाऊ नका'. वस्तू अनेक असल्या की 'आंबे नकोत'. आणि कुणालाच उद्देशून नसेल, पण सगळ्यांनाच सांगायचं असेल, तर त्याच्याच नात्यातला 'नये' हजर. 'येथे थुंकू नये.' 'फुले तोडू नयेत.' (आपल्याकडे ही पाटी वाचूनच लोकांना थुंकायची आठवण होते, तो भाग वेगळा.) त्यातून पुन्हा 'नको ते बोलणं', 'नको तिथे नाक खुपसणं', 'जीव नकोसा होणं'. आणि 'नको-नको म्हणता चार पुरणपोळ्या खाल्ल्या' हा तर राष्ट्रीय वाक्प्रचार म्हणायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या गावची, म्हणजे शहराची. इथे 'नको' फक्त मराठी माणूस बोलत नाही. परवाच सिटी चौकातून रिक्षा केली तर रिक्षावाले चाचा म्हणाले, "उधर से नक्को दीदी, भोत गर्दी है." बाहेरगावचे पाहुणे याला 'इथली मोडकीतोडकी हिंदी' म्हणतात तेव्हा मला राग येतो. ती मोडकी हिंदी नाही, ती दखनी आहे, आणि तिचं वय आजच्या प्रमाण हिंदीपेक्षा बरंच जास्त आहे. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी आपल्या शेजारच्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. तो बेत फसला आणि राजधानी परत गेली. पण माणसं सगळीच परत गेली नाहीत. त्यांच्या बोलीचा इथल्या मराठी, कन्नड, तेलुगूशी संसार सुरू झाला आणि त्यातून दखनी उभी राहिली. पुढे तिच्यात मोठं साहित्य झालं. मुल्ला वजहीचं 'सबरस' १६३५ चं. ज्याला उर्दू गझलेच्या आद्य कवींत मान आहे तो वली तर आपला औरंगाबादकर.

या दखनीनं मराठीकडून काय काय घेतलं ते बघा. आपला 'च' घेतला: 'मैंइच', 'ऐसाइच'. आपला 'काय' घेऊन त्याचं 'कायकू' केलं. आणि 'नको' घेऊन त्यातल्या 'क' वर चांगला जोर देऊन 'नक्को' केलं. 'हवं' साठी ते 'होना' म्हणतात: 'मेरेकू चाय होना'. म्हणजे शब्द त्यांचा, पण हवं-नकोची जोडी दक्षिणी वळणाचीच. एक बारीकसा फरक मला फार आवडतो. आपण 'बात करू नको' असं 'नको' क्रियापदाच्या नंतर म्हणतो. दखनीत बहुतेक वेळा 'बात नक्को करो' असं ते आधी येतं, हिंदीतल्या 'मत' च्या जागेवर. शब्द मराठीचा आणून आपल्या घरातल्या कोनाड्यात नीट बसवला. उसनं घेतलेलं असं घरचं करून टाकणं, याला मी मोडतोड कशी म्हणू?

आज हा 'नक्को' बिदर, हैदराबादपासून पार बंगळुरूपर्यंत ऐकू येतो. १९६५ च्या 'गुमनाम' मध्ये मेहमूदनं हैदराबादी बोली पडद्यावर आणली आणि देशभर लोक त्यावर हसले. ज्यांनी कधी मराठी ऐकली नाही अशी लाखो माणसं रोज एक तरी मराठी शब्द बोलतात, आणि तो शब्द कुठला? तर 'नको'! आपण जगाला दिलं काय, तर नकार. :-) पण मला त्याचा अभिमान वाटतो. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यातली दोन माणसं आपापल्या बोलीत एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि शेवटी समजुतीला येतात. शब्द असेच पोचले असणार. भांडणातून, बाजारातून, शेजारातून.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता न गोड असलेल्या भागाकडे येते.

'नको' हा बोलणाऱ्याचा शब्द आहे. समोर काही आलं, कुणी काही दिलं, कुणी काही करायला निघालं, तर ते नाकारायचा माझा अधिकार म्हणजे 'नको'. म्हणूनच मूल बोलायला लागतं तेव्हा पहिल्या दहा-वीस शब्दांत 'नको' असतोच. भात नको. टोपी नको. तिथे त्या लेकराला पहिल्यांदा कळतं, की मी आईपासून वेगळी आहे आणि माझं काही म्हणणं आहे. इतका मोलाचा शब्द.

आणि हाच शब्द आम्ही एका चार दिवसांच्या जिवाच्या कपाळावर चिकटवला. जिनं अजून कशालाच नको म्हटलं नव्हतं, तिलाच 'नको' केलं.

आता कुणी म्हणेल, की पूर्वी दगडू, धोंडू, केरू अशीही नावं ठेवायचेच की. खरं आहे. पण त्यातली भावना उलटी आहे. मुलं जगत नसत, म्हणून पोटच्या मुलाला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, म्हणजे मृत्यूची नजर पडणार नाही. ते लेकरू हवं असतं म्हणून त्याला वाईट नाव. नकुशीत लपवाछपवी काहीच नाही. तिथे शब्दाचा अर्थ तोच मनातला अर्थ.

आणि 'नाव लागू पडलं' या गोष्टीचं काय? थोडा हिशोब करूया. मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता दरवेळी जवळपास निम्मी-निम्मी असते. म्हणजे शंभर घरांत नकुशी नाव ठेवलं तर साधारण पन्नास घरांत पुढचं मूल मुलगा होणारच, नाव काहीही ठेवा. त्या पन्नास घरांत आमच्यासारखी गोष्ट तयार होते आणि तीन पिढ्या सांगितली जाते. उरलेल्या पन्नास घरांत पाचवी मुलगी होते. त्यांची गोष्ट कोण सांगणार? ती कुणी सांगत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की नाव शंभर टक्के लागू पडतं. माझे वडील आत्याच्या नावामुळे झाले नाहीत. ते व्हायचे होते म्हणून झाले. हे मी घरात बोलले तेव्हा दादा म्हणाले, "तुझं गणित तुझ्यापाशी." ठीक आहे. पण गणित बरोबर आहे.

हे फक्त आमच्या घरचं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एक कार्यक्रम झाला होता, काहींना आठवत असेल. त्या जिल्ह्यात नकुसा, नकोशी अशी नावं असलेल्या मुली शोधून काढल्या होत्या, आणि २८५ मुलींनी तिथे नवीन नावं घेतली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. नव्या नावाचं प्रमाणपत्र हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलींचा फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत आला. एका जिल्ह्यात २८५! तो फोटो बघून मला दोन्ही वाटलं होतं. आनंद, आणि लाज.

पण खरी बोच पुढेच आहे. तुम्ही म्हणाल, आता अशी नावं कोण ठेवतं? शिकलेल्या घरांत तर नाहीच. बरोबर. पण का नाही? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ झाल्या. आमच्या बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये. कायदे झाले आणि तरीही आकडे घसरले. म्हणजे काही घरांत नकोशी हे नाव ठेवायची वेळ आली नाही, कारण नको असलेली मुलगी बारशापर्यंत पोचलीच नाही. आजीच्या काळी यंत्र नव्हतं, म्हणून आत्या जन्मली आणि तिला नाव मिळालं. वाईट नाव, पण नाव. हे लिहिताना हात थांबतो. आजीला मी कधी माफ केलं नव्हतं. आता वाटतं, की तिनं त्या पोरीला नकुशी म्हणत म्हणत का होईना, अंगावर पाजलं, वाढवलं. तिच्याही वाट्याला घरातल्या कुणाकुणाची बोलणी आली असतील. चार मुली झाल्याचा दोष तेव्हा कुणाच्या माथी मारत होते हे वेगळं सांगायला नको. (बघा, इथेही आलाच तो.)

आता पुन्हा आत्याकडे. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर तिचं नवीन नाव लिहिलं. चांगलं, लक्ष्मीचं नाव. लग्नात बाईचं नाव बदलण्याच्या रिवाजाविरुद्ध मी तावातावानं बोलणारी बाई. पण आत्याच्या बाबतीत मला गप्प बसावं लागतं. तिला माणसासारखं नाव त्या रिवाजानंच दिलं. सासरी ती त्या नावानं पन्नासेक वर्षं नांदली. रेशनकार्डावर तेच, आधारवर तेच. माहेरी आली की मात्र पुन्हा नकू. म्हणजे जिथे माणसाचे लाड व्हायचे, तिथेच 'नको'.

एक मी पाहिलेलं सांगते. आत्या कधी 'नको' म्हणत नाही. पंगतीत तिला वाढायला गेलं तर पानावर हात आडवा धरत नाही. शिळी भाकरी पुढे आली तरी चालते, दारातली जागा झोपायला दिली तरी चालते. "कसंबी चालतंय" हे तिचं पालुपद. आम्ही सगळे कौतुकानं म्हणतो, आत्या किती समजूतदार! मला आताशा त्या कौतुकाची भीती वाटते. जिला जन्मभर 'नको' म्हणून हाक मारली, तिनं तो शब्द स्वतः वापरायचा धीर कुठून आणायचा?

त्या दिवशी वाद चालू असताना आत्या तिथेच बसून वाती वळत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "आत्या, तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "काय बी लिव्हा, मला कुठं वाचाया येतंय." दादा विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघायला लागले. विषय बदलला, केटररवर गेला, हॉलच्या भाड्यावर गेला. पाच-दहा मिनिटांनी, वातींवरची नजर न काढता, आत्या म्हणाली, "ते नकू नका लिहू. पोरीचं लगीन हाय."

एवढंच. दादा एक शब्द बोलले नाहीत. पत्रिकेत तिचं सासरचं नाव छापलंय.

माझं म्हणणं असं, की शब्दाला वाईट ठरवू नये. 'नको' चांगला शब्द आहे, नेमका, जुना, दक्षिणेत दूरवर पसरलेला. तो जिथे शोभतो तिथे ठेवावा, म्हणजे माणसाच्या तोंडात. माणसाच्या नावात नव्हे. आणि तो कुणी उच्चारला तर ऐकावा. आपल्याकडे आग्रहाच्या नावाखाली 'नको' ऐकूच न येण्याची सवय लागली आहे. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो. मुलगी हे स्थळ नको म्हणते, आपण म्हणतो लाजतेय. मूल काकांच्या मांडीवर बसायला नको म्हणतं, आपण म्हणतो असं करू नये. सगळ्या 'नको' चा अर्थ आपण 'थोडं अजून म्हणा' असा लावून टाकला आहे. पुरणपोळीपुरतं ठीक आहे हो. त्यापुढे नाही.

आमच्या शहरानं नावं बदलण्याची हौस भरपूर केली आहे. मलिक अंबरानं १६१० मध्ये वसवलं तेव्हा खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. दरवेळी ढोल, मिरवणुका, भांडणं, कोर्ट. नावात काय आहे असं इथे तरी कुणी म्हणू शकणार नाही! मग घरातल्या एका बाईच्या नावासाठी एवढी बोलाचाली झाली तर बिघडलं कुठे?

हे वाचणाऱ्या आमच्या नातेवाइकांना (तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे, नंतर आईला फोन करता) हात जोडून विनंती. लग्नात आत्या भेटेल. तिला नकू म्हणून हाक मारू नका, आणि ती 'नकुशी ठेवलं म्हणून' वाली गोष्ट नवीन सुनांना सांगू नका. आणि पंगतीत चुकून कधी तिनं पानावर हात आडवा धरलाच, तर आग्रह करू नका. तेवढी जिलबी ताटात परत ठेवा.